देवाला सांगितलेलं पोटाचं दुखणं

गेलं वर्षभर माझ्याकडे बायका येतात. आमच्या इमारतीतल्या, शेजारच्या सोसायटीतल्या, कारखान्यातल्या. वाटीभर साखर मागायला किंवा स्वेटरचा नमुना बघायला आल्यासारख्या येतात, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहतात आणि सासूबाई आत गेल्या की हळू आवाजात विचारतात, "तुम्हाला सुरुवातीला कसं कळलं हो?" प्रत्येकीला मी सगळं सांगते. पण कुकरच्या शिट्ट्यांकडे कान ठेवून तेच तेच सांगायचा आता कंटाळा आलाय, आणि घाईत नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून लिहून काढते आहे. ज्यांना मुलुंडपर्यंत येणं जमत नाही त्यांनाही उपयोग होईल.

माझ्या उजव्या स्तनात गाठ होती. ती कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आता मी पुन्हा कामावर जाते. आजार एवढाच. मधल्या दिवसांत जो मनस्ताप झाला तो आजारापेक्षा माणसांमुळे झाला, आणि त्यात देवालाही ओढलं गेलं होतं.

*

गाठ आंघोळ करताना हाताला लागली. वाटाण्याहून मोठी, घट्ट. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मी ती महिनाभर तशीच ठेवली. ही पहिली चूक माझी, आणि ती मी आधी सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांच्या चुका काढणार आहे.

मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सुपरवायझर आहे. बाटलीवरचं लेबल आणि आतला माल एकच आहे ना, हे बघणं माझं काम. लेबल बदललेलं सापडलं तर मी अख्खी पेटी परत पाठवते, कोणाचं ऐकत नाही. तीच मी, स्वतःच्या गाठीबद्दल म्हणत होते की दिवाळीचा फराळ होऊन जाऊ दे.

फराळ झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सुई घालून तपासलं आणि आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बोलावलं. सर्जन तरुण होते. फाइल उघडली, मिटली आणि म्हणाले, "मिस्टर आलेत का?"

"मिस्टर कामावर आहेत. गाठ माझी आहे."

"नाही, म्हणजे घरातलं कोणीतरी असलेलं बरं."

"डॉक्टर, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय. काय ते मला सांगा."

त्यांनी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं. गाठ चांगली नाही. काढावी लागेल. मी विचारलं, "नुसती गाठ?" ते पेपरवेटला म्हणाले, "पूर्ण स्तन." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पुढच्या मंगळवारी खाट देतो. उशीर करू नका. ही गाठ कोणासाठी थांबत नाही. येताना मिस्टरांना आणा, संमतीपत्रावर सही लागेल."

बाहेर आले. हॉस्पिटलच्या आवारात वडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे, त्याला नातेवाईक प्रदक्षिणा घालत होते. मी घातली नाही. घरी भाजी नव्हती, म्हणून कोपऱ्यावरून मेथीची जुडी घेतली. एरवी मी जुडी उलगडून बघितल्याशिवाय घेत नाही. त्या दिवशी न बघता घेतली आणि घरी उघडल्यावर आत निम्मी सडकी निघाली. त्या मेथीचा मला इतका राग आला, की मी ओट्याशी उभी राहून रडले. गाठीसाठी रडले नव्हते.

*

घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, बारावीला असलेली मुलगी आणि सासूबाई. हे आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यापासून नाहूरला एका छोट्या कारखान्यात टाइमकीपर आहेत. मी जेवणं झाल्यावर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कौल लावूक व्हयो."

बाहेरच्यांसाठी सांगते. आमचं गाव तळकोकणातलं, ग्रामदेव रवळनाथ. विहीर खणायची असो, लग्न ठरवायचं असो, कोर्टात जायचं असो, आधी देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो. घरातला कर्ता पुरुष देवापुढे अडचण मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग सगळे श्वास रोखून बघतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मी याची चेष्टा करत नाही. माझं माहेरही तिकडचंच, आणि मी स्वतः या घरात उजव्या कौलाने आले. पुढे सासूबाईंना माझ्याबद्दल शंका आली असेल, पण त्यांनी देवाला कधी बोल लावला नाही.

"आये, मंगळवारी खाट मिळाली आहे," मी म्हटलं.

"मंगळवार खंय पळान जाता? देवाक विचारल्याबिगर सुरी लावूची नाय."

"डॉक्टर म्हणाले, उशीर नको."

"डाक्तर काय देवापरास मोठो?"

हे म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे गं. दादा एसटीने जाऊन येईल."

दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, माझे भाऊजी, राहायला नाहूरलाच. ते त्याच आठवड्यात निघाले. दोन दिवसांचे अकरा झाले. आधी एसटी घाटात बंद पडली, मग अमावास्या आली, मग गुरव भाचीच्या लग्नाला दुसऱ्या गावी गेला होता. मंगळवार येऊन गेला. माझी खाट दुसऱ्या कोणाला मिळाली.

भाऊजी आले ते पडलेल्या चेहऱ्यानेच. हातात नारळाची शकलं, अंगारा आणि एक पुडी. "तीनदा लावलो," ते म्हणाले. "तीनदाय डावो. देवाचा म्हणणा सुरी नको. गावच्या वैद्यान ही साल दिल्यान हा. तांदळाच्या धुवणात उगाळून उपाशीपोटी घेवची."

मी यांना म्हटलं, "तरीही आपण हॉस्पिटलात जाऊ."

"सही करायला माझा हात उठणार नाही, सुलभा."

"हात राहू द्या. सही हवी आहे."

ते उठून झोपायला गेले. बावीस वर्षांत हा माणूस माझ्यावर ओरडलेला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

पुढचे तीन आठवडे मला आठवले तरी अजून कपाळावरची शीर उडते. बातमी कशी फुटली कोण जाणे, पण ज्याच्या त्याच्या देवाने माझ्याकडे माणूस पाठवला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, नऊ गुरुवार करा. चहापत्तीवाल्या काकांनी ताईत आणला. कारखान्यातल्या एका मुलीने पोस्टकार्ड दिलं, की याच्या एकवीस प्रती लिहून पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल. मी तिला म्हटलं, "बाई, अनिष्ट आधीच झालंय. तू जाऊन झाकणं मोज." सकाळी ती कडू साल, संध्याकाळी अंगारा, आणि मधल्या वेळात हात आपोआप पदराखाली जायचा, गाठ वाढली का ते बघायला.

सर्जनकडे एकटी गेले. घरात लग्न होतं म्हणून आले नाही, असं खोटं सांगितलं. ते चिडले. चिडायलाच हवं होतं. "ही शेवटची तारीख," म्हणाले. "या मंगळवारी दाखल व्हा. बुधवारी ऑपरेशन."

रविवारी भाऊजी जेवायला आले. मी सकाळचं सालीचं वाटण अजून आमटीच्या वाटीसारखं समोर ठेवून बसले होते, गिळवत नव्हतं. ते मला धीर द्यायला म्हणाले, "घे गे, घे. गुणकारी आसा. पित्त, गॅस, जळजळ, सगळा जाता."

मी वाटी खाली ठेवली. "गॅसचा काय संबंध?"

भाऊजींनी कान खाजवला.

"भाऊजी, देवळात गाऱ्हाण्यात काय सांगितलंत? शब्दाला शब्द सांगा."

"सगळा सांगितलंय. तुजा नाव, मुंबैत ऱ्हवता, घरात बारावीतला चेडू आसा…"

"आजार कोणता सांगितलात?"

"अगे, थंय गावचे पंधरा-वीस बापये हुबे. मानकरी, गुरव. धाकट्या भावाच्या बायलेचा तसला कसा सांगतलंय?"

"मग कसं सांगितलंत?"

"पोटाचा दुखणा म्हटलंय."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ताटातला भात बोटाने गोळा करत होत्या.

"आये, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तसा सांगूक सांगितलंय तेका," त्या म्हणाल्या. "आमच्यात पोटाचाच म्हणतत. माझ्या थोरल्या जावेकय ह्याच झालेला. फडकी बांदून कामा करी. गावात आजून कोणाक म्हायत नाय. पोटाच्या दुखण्यान गेली म्हणतत."

ही थोरली जाऊ म्हणजे यांची काकी. काकी पोटाच्या आजाराने गेल्या, हे मीही लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. त्या दिवशी कळलं की या घरात बायकांना काहीही झालं तरी ते पोटातच होतं.

मला इतका संताप आला, की आवाज चढण्याऐवजी खाली गेला. कारखान्यात असंच होतं, मुली म्हणतात, बाईंचा आवाज बारीक झाला की पळा. "माणसांना लाजलात ते समजलं," मी म्हटलं. "देवाला कशाला चुकीचं लेबल लावून दिलंत?"

"देवाक सगळा कळता," सासूबाई म्हणाल्या.

"कळतं ना? मग त्याने बरोबरच सांगितलं. तीनदा विचारलंत, पोट कापायचं का? तो तीनदा म्हणाला, नको. माझं पोट ठणठणीत आहे."

हे हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. आणि हसता हसता उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. भाऊजी चपला घालत होते, त्यांना म्हणाले, "दादा, मंगळवारी मी रजा टाकतोय." मग माझ्याकडे न बघता, "सही कुठे करायची ते दाखव."

सासूबाईंनी भाऊजींना पुन्हा गावी पाठवायचं काढलं. बरोबर सांगून नव्याने कौल लावू, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. "मग मी हास्पिटलात येवचंय नाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

वाद मी जिंकले. पण भांडी घासताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या गाठीबद्दल देवाशी अजून कोणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा. रोज दिवा लावते, मुलीच्या परीक्षेचं सांगते, वरच्या टाकीला पाणी येऊ दे म्हणते. हे एक सांगितलं नव्हतं. दिव्यापुढे उभी राहिले की मीही म्हणायचे, तब्येत सांभाळ. तब्येत. भाऊजींपेक्षा मी काय वेगळी होते?

*

हॉस्पिटलचा दिवस पहाटे पाचला तोंडात थर्मामीटर घालून सुरू होतो. मग फिनेलचा वास, मग पाणचट चहा, मग सिस्टरची आरडाओरड, की खाटेखाली पिशव्या ठेवू नका. पिशव्या ठेवायला दुसरी जागा नसते. जाणाऱ्यांनी स्वतःचा पेला, चमचा, उशीचा अभ्रा आणि सुतळीचा तुकडा न्यावा. सुतळी कशाला लागते ते तिथे गेल्यावर कळेल.

माझ्या शेजारच्या खाटेवर हिराबाई होती, ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली, मासळी विकणारी. तिची गर्भपिशवी काढली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला काय झायलं गो?"

मी "पोटात" म्हणणार होते. खरं सांगते, जीभ तिथपर्यंत गेलीसुद्धा. मग म्हटलं, "छातीत गाठ आहे. उद्या स्तन काढणार."

"हां," ती म्हणाली, कोणीतरी पापलेटचा भाव सांगितल्यासारखी. "देवाला ठिकाणा दिलास काय?"

"कसला ठिकाणा?"

"कुठं झोपलीस तो. माझी देवी आई डोंगरावर बसते. मी तिला सांगून ठेवलंय, मोठ्या दारानं ये, दवाच्या खिडकीपासून जिना चढ, दुसरा माळा, डाव्या हाताची तिसरी खाट. इतक्या बायांत ती शोधल कुठं?"

मी म्हटलं, "देवीला पत्ता लागतो होय?"

"तिला नाय लागत," हिराबाई म्हणाली. "मला लागतो. पत्ता दिला का मी दाराकडं बघत बसत नाय."

*

बुधवारी सकाळी हिरवा गाऊन घालून बसले होते. हे वॉर्डाच्या दाराबाहेर, पुरुषांना आत सोडत नव्हते. नऊच्या सुमाराला दारात गडबड झाली आणि वॉचमनला "माझ्या सुनेक भेटूक माका कोणाचो कागद नको" असं सांगत सासूबाई आत शिरल्या. न जेवता, न सांगता, एकट्या रिक्षाने आल्या होत्या. येऊन खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाऱ्हाणा कोण घालतलो?"

मी म्हटलं, "मी घालते."

"बायलमाणूस गाऱ्हाणा घालता?"

"वॉर्ड बायकांचा आहे, आये. बापये आणायचे कुठून?"

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पदर डोक्यावरून घेतला. मी हात जोडले. गावची बोली मी मुंबईत कित्येक वर्षांत बोलले नव्हते, पण गाऱ्हाणं दुसऱ्या कोणत्या भाषेत घालता येत नाही.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या.

"तुझी सून सुलभा तुका हाक मारता. दुसऱ्या माळ्यार, डाव्या हाताच्या चवथ्या खाटेर बसली आसा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज दोन होते. हिराबाईला आमची बोली येत नव्हती, पण कुठे होकार द्यायचा ते तिला एका वाक्यात समजलं होतं.

"माझ्या…" मी म्हटलं, आणि तिथेच अडकले. रविवारी सगळ्यांना ऐकवणारी मी. वॉर्डातल्या बायका बघत होत्या, सिस्टर बघत होती, आणि तो एक शब्द तोंडातून निघेना.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, दाराबाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उजव्या थानात गाठ आसा, म्हाराजा. पोटात नाय, थानात. आधी आमी लजेन खोटा सांगितला, ता पदरात घे. ती गाठ आज काडतले. तू हिच्या सांगाती आत चल."

"व्हय म्हाराजा," हिराबाई म्हणाली. पलीकडची गुजराती आजी म्हणाली. समोरच्या दोघी म्हणाल्या. सिस्टर म्हणाली, "काय बाजार मांडलाय?" आणि स्ट्रेचर आलं.

कौल आम्ही लावला नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं, सांगायचं तेवढं होतं.

बायका मला विचारतात, त्या वेळी देव तुमच्या सोबत होता का? स्ट्रेचरवर मी भीतीने थरथरत होते. दात वाजत होते. गाऱ्हाण्याने भीती गेली, असं मी लिहिणार नाही. पण महिनाभर कानात जी वादावादी चालली होती ती थांबली होती. त्याला आता माझं खरं माहीत होतं, आणि मला ते लपवून धरायला लागत नव्हतं. डोळ्यांवर ऑपरेशनच्या खोलीतला मोठा दिवा आला तेव्हा मी दाराकडे बघितलं नाही.

*

ऑपरेशननंतर काखेतल्या दोन गाठींतही रोग सापडला. म्हणून शेक द्यावे लागले. ते अकरा दिवस आणि पुढचे तीन आठवडे गेले नसते तर त्या दोन गाठी नसत्या का, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या उत्तराबरोबर राहणं हे शेकांपेक्षा अवघड आहे. यांच्याशी त्यावर मी एकदाच बोलले. आता बोलत नाही.

हात वर जाण्यासाठी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करा, दुखलं तरी करा. शेकाच्या जागेवर साबण नको. ब्लाउजच्या आत घालायला सासूबाईंनी जुन्या मऊ लुगड्याची घडी शिवून दिली आहे. बाजारात मिळतात त्यापेक्षा ती बरी, धुता येते आणि घाम टिपते. त्यांनी ती न विचारता शिवली आणि माझ्या उशाशी ठेवून दिली.

गेल्या शनिवारी तळमजल्यावरची नवी सून आली. हातात रिकामी वाटी. सासूबाई पाटावर तांदूळ निवडत होत्या. ती दारात घुटमळली, त्या आत जायची वाट बघत. त्या गेल्या नाहीत.

"काय गे?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही आजी. पोटात जरा…"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "पोटात नाय तां. पोटात दुखणारी वाटी घेवन येणा नाय. खंय आसा तां नीट सांग. देवाकसुदा सांगूचा लागता."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मग हळूच पदराखाली हात नेला आणि जागा दाखवली.

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना साडेपाचला उघडतो.